अण्णांच्या नावानं जाणारे मेल

"अण्णा, या हारगे मॅडम. आपलं मेलचं काम करायला आल्यात." सुकुमार खुर्चीशी वाकून जरा मोठ्यानं बोलत होता. "कंपनीचे मेल आता पुण्याची टीम पाठवणार. त्याला तुमचं डोमेनचं खातं उघडायला लागतंय. उघडू ना?"

"हो," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुमच्या डोक्याला आता कसलाच ताप नको. चालेल ना?"

"हो."

सुकुमारनं माझ्याकडं बघून मान हलवली. झालं, मालकाची परवानगी मिळाली. मी सोप्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. अण्णा समोरच आरामखुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डावा खुर्चीच्या दांड्यावर. डोळे मात्र माझ्या लॅपटॉपवर. शेजारच्या स्टुलावर वीतभर उंचीचा एक लाकडी घाणा होता, शोभेचा असावा असं मला वाटलं.

याला आता सात-आठ वर्षं झाली. अण्णा आज नाहीत. पण त्या दुपारी त्या सोप्यात जे झालं, ते माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

मी सांगलीत वेबसाइट आणि डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांची, कामं करते. तोंडानं फटकळ आहे असं माझी सासू सांगत फिरते, आणि ते खरं आहे. लोक येतात, म्हणतात "मॅडम, बटन दाबा, झालं." असं बटन दाबून काही होत नसतं. भूपाल आवटींचा कुपवाडच्या एमआयडीसीत लाकडी घाण्यांचा कारखाना. शेंगदाण्याचं, करडईचं तेल काढायचे घाणे नागपूरपासून कोइमतूरपर्यंत जायचे. भूपाल आवटी म्हणजेच अण्णा. त्या दुपारच्या दोन वर्षं आधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहिला तो एक 'हो'.

कारखाना सुकुमारच्या गळ्यात पडला. पोरगा वाईट नव्हता. इंजिनिअर झालेला, कष्टाळू, बापावर जीव. ग्राहकांच्या तक्रारी इकडंतिकडं पडून राहायला लागल्या म्हणून त्यानं एका कंपनीची सपोर्टची यंत्रणा घेतली. सगळ्या तक्रारी एका जागी गोळा होणार, पुण्यातली चार पोरं बसून उत्तरं देणार, आणि उत्तर जाणार आवटींच्या पत्त्यावरून. इथंच घोडं अडलं. समोरच्याची मेलपेटी म्हणायला लागली, हा कोण टिकोजी आवटींच्या नावानं बोलणारा? आणि सगळी उत्तरं कचऱ्यात.

त्याला इलाज असतो. डोमेनच्या खात्यात काही ओळी लिहून ठेवायच्या. त्या ओळी म्हणजे मालकानं जगाला सांगितलेलं असतं, की या या ठिकाणाहून आलेला मेल आमचाच समजा. आणि पाहिजे असेल तर शेवटी आणखी एक कडक ओळ घालता येते: याशिवाय दुसरीकडून कुठून आमच्या नावानं काही आलं तर ते खोटं समजा, दारातच अडवा.

सुकुमारला ती कडक ओळ हवी होती. त्याचं कारण त्यानं मला कारखान्यात दार लावून सांगितलं होतं.

"नागपूरच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, मॅडम. म्हणाला, अण्णांचं उत्तर आलं, फार बरं वाटलं. अण्णांचं उत्तर! माझ्या बापाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. कोण हलकट त्यांच्या नावानं लोकांना लिहितोय?" बोलताना त्याचा आवाज फुटला होता. "ते बंद झालं पाहिजे. आणि घरी यातलं काही बोलू नका. आईला कळलं तर ती हाय खाईल."

मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तुमच्या नावानं आणखी कुठून कुठून मेल जातात, नीट आठवून सांगा. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, कारण माणसं हमखास काहीतरी विसरतात. एका दवाखान्यात मी ती कडक ओळ घातली आणि रक्ताचे रिपोर्ट पेशंटला जायचे बंद झाले. ते लॅबच्या मशीनमधून परस्पर जातात हे एकाही शहाण्याच्या ध्यानात नव्हतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय.

"कुठूनच नाही," सुकुमार म्हणाला होता. "फक्त पुणे."

तर अण्णांची परवानगी मिळाली आणि कारखान्यातून सुकुमारला फोन आला. माल चढवायला क्रेन आली होती. "मी आलोच," म्हणून तो गाडी काढून गेला. घरात अण्णा, त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू आणि मी.

खातं उघडायचा आकडा अण्णांच्या मोबाईलवर येणार होता. तो मोबाईल काकूंच्या कमरेच्या बटव्यात. काकूंनी चष्मा लावून आकडा वाचून दाखवला, मी घातला, खातं उघडलं. पुण्याच्या यंत्रणेच्या ओळी मी एकेक करून भरल्या. त्या जगभर पोचायला थोडा वेळ लागतो, तोवर हात चोळत बसायचं. काकूंनी चहा आणला, बशीत शेंगदाण्याची चिक्की.

"आमच्याच घाण्याच्या शेंगा न्हवं," त्या म्हणाल्या. "खावा. लई बारीक हायसा."

मी चिक्कीचा तुकडा मोडला तेवढ्यात कुठूनतरी टुंग असा आवाज आला. काकूंनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी काकूंकडं. मग काकूंनी एकदा मला नीट न्याहाळलं, आणि आरामखुर्चीच्या उशीखालून एक टॅब्लेट काढला.

"तुमचं चालू द्या," मला म्हणाल्या. "आमचं आपलं जरा हाय."

त्यांनी बोटानं काहीतरी दाबलं. टॅब्लेटमधून घरघर सुरू झाली. घर्र, टक्. घर्र, टक्. कुणीतरी कुठंतरी चालू घाण्याशेजारी मोबाईल धरला होता.

अण्णांचा चेहरा बदलला. म्हणजे काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. इतका वेळ तिथं एक आजारी म्हातारा बसला होता, आता कारखान्याचा मालक बसला. त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. काकूंनी पुन्हा लावलं. घर्र, टक्. पुन्हा बोट. पुन्हा. मग काकूंनी स्टुलावरचा लाकडी घाणा उचलून त्यांच्यापुढं धरला. अण्णांनी बोट घाण्याच्या लाटेवर ठेवलं, म्हणजे उखळीत उभी फिरते त्या जाड दांड्यावर, आणि तिथून सावकाश खाली नेलं.

"लाट? खालचं टोक? झिजलंय व्हय?" काकूंनी विचारलं.

"हो," अण्णा म्हणाले आणि तळवा उघडला.

"मग बदलायला सांगू?"

"हो." मूठ मिटली.

"मग तासून घ्यायला सांगू?"

"हो." तळवा उघडला.

काकूंनी टॅब्लेट तोंडाजवळ धरला आणि शाळेत धडा म्हणावा तसं एकेक शब्द सुटा करून त्या बोलल्या, "नमस्कार. आवाज ऐकला. लाटेचं खालचं टोक एका अंगानं झिजलंय. बदलू नका. सुताराकडून सारखं तासून घ्या. तासल्यावर पहिल्यांदा शेंगदाणे थोडे थोडे घाला. भूपाल आवटी." अक्षरं उमटली तशी त्यांनी ती अण्णांसमोर धरली. अण्णांनी सावकाश वाचली. तळवा उघडला. काकूंनी मेल पाठवून दिला.

माझा कप हातातच राहिला होता.  तो हलकट कोण, ते मला कळलं होतं. हलकट समोर बसून माझ्या बशीत चिक्की वाढत होता.

"काकू," मी विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

"झालं की वरीस." त्या टॅब्लेट पदरानं पुसत होत्या. "जुनी माणसं ह्यांच्या पत्त्यावर लिवत्यात अजून. त्यास्नी म्हाईत हाय, अण्णा आवाज ऐकल्याबिगर बोलायचे न्हाईत. फोन करून कोणी इचारलं तरी हे म्हणायचे, आधी घाण्याजवळ धरा फोन. तसंच आता हे पाठवत्यात."

"मेल कुठून जातो?"

"माझा भाचा हाय जयसिंगपूरला, कॉम्प्युटरचा क्लास हाय त्याचा. त्यानं त्याच्या कुठल्या सर्व्हरवरनं लावून दिलंय. कचऱ्यात पडला तरी जुनी माणसं हुडकून वाचत्यात."

"आणि सुकुमारला ठाऊक नाही."

काकूंनी मान हलवली. मग त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. अण्णांना ऐकू जात होतं, आणि त्यांना ते ऐकू जावं असंच काकूंना वाटत असावं.

"डॉक्टर म्हणाले, ताण द्यायचा न्हाई, फिरून झटका यील. सुकुमारनं ते धरून ठेवलं. कारखान्याचं नावसुदिक घरात काढायचं न्हाई म्हणाला. पोरगा प्रेमानंच करतोय, न्हाई कोण म्हणतंय? पण हे भिंतीकडं तोंड करून पडायला लागले. जेवण न्हाई, माणूस न्हाई. मी म्हणायची, उठा, देवळात जाऊ, तर हो म्हणायचे आणि पडून राहायचे. एक दिवस ह्यांच्या मोबाईलवर कोइमतूरच्या माणसाचा आवाज आला घाण्याचा. माझा हात लागून तो वाजला. तर हे कुशीवर वळले. आपण होऊन वळले, मॅडम. चार म्हयन्यांत पयल्यांदा."

"सुकुमारला सांगायचं होतं की."

"सांगितलं एकदा. अण्णांचं मन घाण्यात हाय म्हटलं. तर म्हणाला, आई, मी स्वतः विचारलंय त्यांना. काम बंद करायचं ना म्हटलं, तर हो म्हणाले. तू तुझं काही त्यांच्या तोंडात घालू नकोस." काकूंनी पदर सावरला. "मग मी मूग गिळून बसले."

मी लॅपटॉपकडं पाहिलं. पुण्याच्या ओळी पोचल्या होत्या, यंत्रणा मान्य झाली होती. आता शेवटची कडक ओळ तेवढी राहिली होती. ती घातली की जयसिंगपूरहून निघालेला मेल कुणाच्याच पेटीत उतरणार नव्हता. उद्या आवाज येणार, अण्णा बोट ठेवणार, काकू लिहिणार, आणि ते उत्तर वाटेतच मारलं जाणार. मी काकूंना हे सगळं साध्या शब्दांत सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे आमचा मेल खोटा ठरणार?"

"यंत्राच्या लेखी खोटाच."

"ह्यांचा मेल? ह्यांच्याच नावाचा?"

 काकू अण्णांकडं बघत राहिल्या आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "एक ओळ जादा घाला की, बाई. आमच्या भाच्याची. कोण बघतंय?"

कोणी बघत नव्हतं हे खरं. चहा निवायच्या आत झालं असतं. पण गुपचूप ओळ मी कुणासाठी घालत नाही. आज काकूंसाठी घातली तर उद्या आणखी कुणासाठी घालीन, आणि मग माझ्या हातात कोण कशाला खातं देईल? आणि सुकुमारला विचारलं असतं तर तो नाही म्हणणार हेही दिसत होतं. पण खातं सुकुमारच्या नावावर नव्हतंच. ते भूपाल आवटींच्या नावावर होतं, आणि भूपाल आवटी माझ्यासमोर तीन हातांवर बसले होते.

मी खुर्ची ओढून त्यांच्यापुढं बसले.

"अण्णा, तुम्ही मालक. तुम्ही सांगाल तसं करते. तुमचे हे मेल बंद करू?"

"हो."

काकूंच्या तोंडून हं असा आवाज निघाला.  म्हणून मी उलटं विचारलं, "मग चालू ठेवू?"

"हो."

"बंद करू की चालू ठेवू?"

"हो. हो. हो." त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मी वैतागले. "अहो अण्णा, दोन्हीला हो म्हणून कसं चालेल? एक काहीतरी सांगा की!"

अण्णांनी डोळे मिटले. बंद पापण्यांमधून पाणी आलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले, त्यांचे आणि मग स्वतःचे.

"तोंडाकडं नका बघू," त्या मला म्हणाल्या. त्यांना माझा राग आला नव्हता, हे मला अजून नवल वाटतं. "तोंडात तेवढा एकच शब्द ऱ्हायलाय. न्हाई म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतोय. त्यास्नी कळतंय की चुकीचा पडतोय, त्याचाच तर तरास होतोय. हाताकडं बघा. हात उघडला की हो, मिटला की न्हाई."

मघाशी तो हात मी बघितला होता, पण माझं सगळं ध्यान त्या घाण्यावर होतं. मी परत विचारलं. आवाज खाली आणून, आणि तोंडाकडं न बघता.

"अण्णा, तुमचे मेल बंद करू?"

"हो." मूठ. इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली.

"चालू ठेवू?"

"हो." पाचही बोटं उघडली.

बाहेर गाडीचा आवाज आला. काकूंनी सवयीनं टॅब्लेट उशीखाली सरकवला. मी म्हटलं, "काकू, राहू दे तो बाहेर." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तो पुन्हा काढून मांडीवर ठेवला.

सुकुमार रुमालानं मान पुसत आत आला. "झालं का, मॅडम?"

"एक ओळ राहिलीय. ती घालायच्या आधी बसा जरा."

तो बसला नाही. त्याला टॅब्लेट दिसला, त्यावर उघडं राहिलेलं उत्तर दिसलं. ते त्यानं उभ्याउभ्याच वाचलं. खाली बापाचं नाव.

"आई, हे काय आहे?"

काकूंनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. कोइमतूरचा आवाज, भाचा, वर्षभर चाललेलं सगळं. सुकुमारचा चेहरा बघवत नव्हता.

"मी पोलिसात जायला निघालो होतो, आई. रात्र रात्र झोप नाही मला, की कोण माझ्या बापाच्या नावाशी खेळतंय. आणि ती तू?"

"खेळत न्हाई. ते सांगत्यात, मी लिवते."

"ते काय सांगणार? त्यांना 'हो'शिवाय शब्द येत नाही! तू विचारणार, ते हो म्हणणार, आणि तू लिहिणार. आणि पुन्हा झटका आला म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले होते ते विसरलीस?"

"न्हाई इसरले. आला तर यील. भिंतीकडं बघत जगण्यापरास बरा."

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? तूच शिकीव."

सुकुमार वळला आणि अण्णांपुढं गुडघ्यावर बसला. आवाज पुन्हा तसाच मोठा, समजूत घातल्यासारखा. "अण्णा, तुम्हाला हा ताप नकोय ना? तुम्हीच मला सांगितलंत ना, काम बंद करू या म्हणून?"

"हो."

"बघ," तो आईला म्हणाला. "बघा, मॅडम."

मला त्या घरात बोलायचा काही अधिकार नव्हता. पण माझं तोंड गप्प बसणाऱ्यातलं नाही. "सुकुमार, आता उलटं विचारा."

"उलटं म्हणजे?"

"काम चालू ठेवायचंय का, असं विचारा. आणि तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्याला ते आवडलं नाही. तरी त्यानं विचारलं, माझं तोंड बंद करायला म्हणूनच. "अण्णा, काम चालू ठेवायचंय?"

"हो."

 त्याचे डोळे अण्णांच्या हातावर गेले होते, उघड्या तळव्यावर. मग त्यानं विचारलं, आणि या वेळी आवाज मोठा नव्हता, "अण्णा, माझं नाव सुकुमार ना?"

"हो." तळवा उघडाच.

"माझं नाव धनपाल ना?" धनपाल म्हणजे त्याचा चुलता.

"हो," अण्णा म्हणाले. मूठ मिटली. आणि ओठाची एक बाजू जरा वर गेली.

सुकुमार गुडघ्यांवरून सरकत खाली फरशीवर बसला. पाठ माझ्याकडं होती, म्हणून तोंड दिसलं नाही. तो मागं न बघता म्हणाला, "मॅडम, ती ओळ घाला. जयसिंगपूरची. आधी ती घाला, मग तुमची ती कडक."

मी लॅपटॉपकडं वळले. कामात मुंडी घातली तरी कान उघडे असतात.

"अण्णा," तो म्हणत होता, "पहिला घाणा. तुम्ही स्वतःच्या हातानं तासलेला. गेल्या दिवाळीत तो प्रदर्शनवाल्यांना विकला. तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो म्हणाला होता."

"हो."

मी न राहवून वळून पाहिलं. मूठ मिटलेली होती.

"मळ्यातल्या बाभळी तोडायला दिल्या, त्या?"

मूठ.

"दवाखान्यातून लवकर घरी आणलं, ते तरी?"

हात उघडला. सुकुमारनं श्वास सोडला. लगेच पुढचा प्रश्न आला, जणू थांबला असता तर पुन्हा विचारायचा धीर झाला नसता.

"तुमची खोली मागच्या बाजूला हलवली. कारखान्याची माणसं आली-गेलेली दिसू नयेत म्हणून. तुम्ही हो म्हणाला."

मूठ.

"बाहुबलीला दर्शनाला यायचं होतं तुम्हाला सगळ्यांबरोबर? मी म्हटलं, अण्णा दमतील, घरीच राहू दे. राहाल ना म्हटलं तर..."

मूठ. काकू उठून आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मी जयसिंगपूरची ओळ लिहिली. कडक ओळ तिच्याखाली लिहिली. स्क्रीनवर नोंद झाल्याची खूण उमटली. आता भूपाल आवटींच्या नावानं बोलायला जगात दोघांनाच मुभा होती, पुण्याच्या टीमला आणि भूपाल आवटींना. मी लॅपटॉप मिटला.

सुकुमारचे प्रश्न संपले होते. तो नुसताच बसला होता, त्या डाव्या हाताकडं बघत, आणि तो हात खुर्चीच्या दांड्यावर सैल पडला होता. मग त्यानं मान वर केली.

"अण्णा, माझ्यावर रागावलाय?"

"हो," अण्णा म्हणाले.

आणि हात उघडला. पाचही बोटं, ताठ. त्या दुपारी मी पाहिलेला तो त्यांचा सगळ्यात स्पष्ट 'हो' होता. तोंड आणि हात एकच बोलत होते.

"लई?"

"हो." हात तसाच.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं पोरगं आता कोसळणार, त्या पुढं झाल्या. पण सुकुमारनं तळहातानं त्यांना थांबवलं. त्याचं तोंड आता मला दिसत होतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"रागवा, अण्णा," तो म्हणाला. "दोन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोलताय."